दोन्हीकडे समुद्र

हाकोदाते, १६ जून २०२४

ती. बाबांस,
निहारचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं हो हो म्हणता आणि शेवटी जेवलात का एवढंच विचारता. तुम्हाला आमचं काही ऐकूच येत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. अस्मिताताईनं सांगितलं, की कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून तुम्ही ते डबीत घालून कपाटात ठेवलंय, आणि ज्याला बोलायचं असेल त्यानं कागदावर बोलावं असा तुमचा निरोप आहे. म्हणून शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच पत्र लिहायला बसलोय. अक्षराला हसू नका.

गाव छान आहे. जपानच्या उत्तरेकडच्या बेटाचं दक्षिणेचं टोक. जमिनीची पट्टी इतकी चिंचोळी, की डोंगरावर चढून पाहिलं तर दोन्हीकडे समुद्र आणि मध्ये कंबर आवळल्यासारखं गाव. चढाचे रस्ते सरळ बंदरात उतरतात. ट्राम आहे, तिचा ड्रायव्हर पांढरे हातमोजे घालतो. जून निम्मा गेला तरी आम्ही स्वेटर घालतो.

तुमची सून खुशीत आहे. ती ज्या समुद्री वनस्पतीवर संशोधन करते तिला इथं कोम्बू म्हणतात. आपल्या फोडणीत कढीपत्ता तसा यांच्या प्रत्येक रश्श्यात कोम्बू. पहाटे ती कोळ्यांच्या होडीतून जाते आणि घरी येते तेव्हा तिच्या केसांना खाऱ्या पाण्याचा वास असतो. मी पुण्याच्या कंपनीचंच काम घरून करतो. पुण्यात सकाळ होते तेव्हा इथं दुपार, त्यामुळे ओवी शाळेतून येते तेव्हा मी मीटिंगमध्ये आणि ती झोपायला जाते तेव्हाही मीटिंगमध्येच.

तिच्याविषयीच लिहायचं होतं. एप्रिलमध्ये ती इथल्या दुसरीत बसली. तेव्हापासून शाळेत तिनं तोंडातून शब्द काढलेला नाही. जपानी नाही, इंग्रजी नाही, हूं नाही की चूं नाही. घरात मात्र टकळी चालू असते. तिच्या बाई कुदो-सेन्सेई शांत स्वभावाच्या आहेत. घाई नको म्हणतात. मला मात्र रोज सकाळी तिला दारातून आत जाताना बघवत नाही. आपण हिला कुठं आणून टाकलं असं वाटतं. कश्मिराला हे बोलून दाखवलं, तर ती गप्प झाली. आता घरात दोघं गप्प आणि एक बडबडी, अशी स्थिती आहे.

गुडघ्याला तेल लावत जा. तुमची माया अशीच पाठीशी असू द्या.
आपला,
निहार

*

तासगाव, ५ जुलै २०२४

चि. निहार यास बाबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षराला हसलो नाही, कारण चष्मा लावूनही निम्मं लागलं नाही. पोस्टमन पाकिटावरचं तिकीट मागत होता, त्यावर बगळा आहे. दिलं नाही. ओवीसाठी ठेवलंय.

चाळीस वर्षं मी ज्यांच्यावर औषधपाणी केलं त्यातल्या एकानंही मला कुठं दुखतंय ते सांगितलं नाही. तेव्हा न बोलणाऱ्याविषयी थोडं बोलायचा मला अधिकार आहे. नवी म्हैस दावणीला बांधली की काही दिवस पान्हा चोरते. मालक घाबरतो, फसवलं म्हणतो, मला बोलावतो. तिला काही झालेलं नसतं. गोठा नवा, हात नवा, वास नवा. तिला मारायचं नाही आणि समजवायचंही नाही. वैरण घालायची, पाठीवरून हात फिरवायचा आणि जवळ बसायचं. तुमच्या त्या बाईंना हे कळतंय असं दिसतं.

आता राग मानू नकोस. पत्रात तू सगळ्यांचं लिहिलंस, ट्रामच्या ड्रायव्हरचे हातमोजेसुद्धा लिहिलेस. पण तू त्या गावात कुणाशी काय बोललास, याची एक ओळ नाही. पोर शाळेत बोलत नाही म्हणतोस, तू घराबाहेर किती बोलतोस? पोरं बघून शिकतात, वासरंही.

इकडं पाऊसपाणी बरं आहे. शेजारच्या जयमालाबाई डबा पाठवतात आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवतात, की मीठ कमी आहे ते मुद्दाम आहे. तुझी आई गेल्यापासून गावानं मला वाटून घेतलंय, तेव्हा माझी चिंता नको.

ओवीचा गालगुच्चा घे. सुनेला म्हणावं, होडीत जॅकेट घालत जा. लोभ आहे म्हणूनच टोचून बोलतो.
तुझा,
बाबा

*

हाकोदाते, १९ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांस,
निहारचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या त्या पत्राचा मला राग आला होता. म्हणून उत्तर लांबलं. पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

परवा ओवीच्या वर्गाची सहल समुद्रकाठच्या बागेत गेली होती. डब्यात कश्मिरानं तूप-गुळाची पोळी गुंडाळून दिली होती. इथले समुद्रपक्षी फार धीट आहेत, बोक्याएवढे असतात. मुलं गोल करून जेवायला बसली आणि ओवीनं पहिला घास घ्यायच्या आत एकानं मागून झेप घालून अख्खी पोळी उचलली. ओवी उठून उभी राहिली आणि सगळी बाग ऐकेल अशा आवाजात तिनं त्याला सांगितलं, की मेल्या, माझी पोळी आहे ती, मुकाट्यानं टाक खाली.

पक्ष्यानं ऐकलं नाही. पण वर्गानं ऐकलं. सहा महिने जिचा आवाज कुणी ऐकला नव्हता, तिला एवढा मोठा आवाज आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. मग मिओ नावाच्या मुलीनं आपल्या डब्यातला अर्धा भात तिच्या झाकणात काढून दिला आणि पक्ष्याकडे हात करून तीही ओरडली, मेर्या. यांना ल म्हणता येत नाही. मग सगळा वर्ग समुद्राकडे तोंड करून मेर्या, मेर्या करत सुटला. ओवी हसली. आवाज करून हसली, असं कुदो-सेन्सेईंनी मला फोनवर दोनदा सांगितलं.

पुढं त्यांनी विचारलं, की या शब्दाचा अर्थ काय. मी मीटिंगमधून उठून फोन घेतला होता आणि माझं जपानी जेमतेमच आहे. गडबडून मी सांगितलं, की जवळच्या माणसाला आम्ही प्रेमानं असं म्हणतो. त्या म्हणाल्या, किती छान शब्द आहे.

दुसऱ्या दिवशी शाळेत ती पुन्हा गप्प होती. पण दारातून आत जाताना मागं वळून पाहिलं नाही.

हा शब्द तिला कुणी शिकवला, याची चौकशी व्हायला हवी. संशय तुमच्यावर आहे. आशीर्वाद राहू द्यावेत.
निहार

*

तासगाव, ८ नोव्हेंबर २०२४

चि. निहार आणि चि. सौ. कश्मिरा, दोघांस आशीर्वाद.

गुन्हा कबूल. निघण्याआधी महिनाभर ती माझ्याकडे होती. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि आम्ही दोघं कावळे हाकायला बसत होतो. त्या कावळ्यांना मी काय काय म्हणायचो ते तिनं सगळं ऐकलं असणार. त्यातला सर्वांत सभ्य शब्द तिनं निवडला, याचं मला कौतुक वाटतं. पुढचे शब्द बाहेर येण्यापूर्वी बाईंशी खरं बोलून घे.

पत्र जयमालाबाईंना वाचून दाखवलं. त्या इतक्या हसल्या, की मला न ऐकू येताही दिसलं. रात्री डब्यात गुळाची पोळी आली.

इथं द्राक्षाच्या छाटण्या आटोपल्या. जपून राहा, एकमेकांना धरून राहा.
बाबा

*

हाकोदाते, २६ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
निहारचा शि. सा. न. वि. वि.

बर्फ कमरेइतकं आहे. सकाळी गल्लीतले सगळे फावडी घेऊन बाहेर पडतात, तसा मीही पडतो. बोलायचं काम नसतं. मान लवून नमस्कार झाला की ज्यानं त्यानं आपल्या दारातलं उपसायचं.

तुम्ही सांगितलंत तसं खरं बोललो, पण नाइलाजानं. कुदो-सेन्सेईंनी वर्गाच्या पत्रकात तो शब्द अर्थासह छापला. परवा शाळेच्या फाटकात मुख्याध्यापकांनी टोपी काढून वाकून मला मेर्या म्हटलं. त्यानंतर गप्प बसणं अशक्य होतं. बाईंसमोर बसून मोडक्यातोडक्या जपानीत सगळं सांगितलं. मेलेला कोण, कावळे कोणते, कुरडया म्हणजे काय. शब्द सुचला नाही तिथं हातवारे केले. त्यांनी तोंडावर हात धरला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, मुख्याध्यापकांना आपण सांगू या नको. बाहेर पडलो तेव्हा लक्षात आलं, की या गावात एवढा वेळ मी कुणाशी पहिल्यांदाच बोललो.

ओवी आता मिओशी बोलते. आधी कानात, मग हळू, आता रस्त्यानं ओरडत. पण मी मराठीत विचारलं तर जपानीत उत्तर देते. भूक लागली का विचारलं तरी जपानीत.

मुख्य गोष्ट अशी. कंपनीनं कळवलंय, की एप्रिलपासून सगळ्यांनी पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचं. नाहीतर राजीनामा. कश्मिराला विद्यापीठानं आणखी दोन वर्षं दिली आहेत. मी ठरवलंय, मार्चअखेर इथलं शाळेचं वर्ष संपलं की ओवीला घेऊन परत यायचं. पुण्याहून दर आठवड्याला तुमच्याकडे येता येईल. तुम्ही एकटे आहात, यंत्र घालत नाही, दारात कुणी आलं तर कळत नाही. ओवीचं मराठीही राहील. कश्मिरा दोन वर्षांनी येईलच.

तिला सांगितलं. तुझं ठरलंय तर ठीक, म्हणाली.

तुमच्या मनात काय आहे ते कळवा. तुमचा हात डोक्यावर असू द्या.
निहार

*

हाकोदाते, ३ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांना,
कश्मिराचा सा. न. वि. वि.

मी तुम्हाला वेगळं पत्र कधी लिहिलं नाही, त्यामुळे पाकीट पाहून काळजी वाटेल. सगळे बरे आहोत. निहारचं पत्र आलं असेल. त्यात जे आहे त्याविरुद्ध तुम्हाला उभं करावं असा हेतू नाही. पण तुम्ही नेहमी म्हणता, की मालकाचं ऐकावं आणि जनावरही तपासावं, म्हणून लिहिते.

निहार ओवीसाठी परत जातो म्हणतो. आधी ती बोलत नाही म्हणून जायचं होतं, आता ती बोलते म्हणून जायचंय. तुमच्यासाठीही म्हणतो. तुमची काळजी त्याला आहेच, ती खोटी नाही. पण बाबा, तो इथं दुःखी आहे आणि ते म्हणत नाही. मी सकाळी बाहेर पडते ती माणसांत. होडीवरचे म्हातारे मला चहा देतात, चेष्टा करतात, त्यांच्या नातवंडांची लग्नं मला पाठ आहेत. हा दिवसभर खिडकीला पाठ करून पुण्याशी बोलतो. मी घरी येऊन कोम्बूच्या गोष्टी सांगायला लागले की त्याच्या चेहऱ्याकडे बघून निम्म्यात थांबते. माझा आनंद त्याला दाखवायची मला चोरी झाली आहे.

मी काम सोडून बरोबर यावं, असंही मनात आलं. तसं मी त्याला सांगितलेलं नाही, कारण तो लगेच नको म्हणेल आणि मग ते कायमचं मध्ये राहील. खरं सांगायचं तर मला सोडायचं नाही. आणि त्याच्याशिवाय, ओवीशिवाय दोन वर्षं इथं राहायचंही नाही. दोन्ही एकदम कसं मागायचं ते मला कळत नाही.

तुम्ही काही ठरवून द्यावं असं म्हणत नाही. कुणाला तरी सांगायचं होतं. आई असत्या तर त्यांना लिहिलं असतं. मुलीसारखा लोभ करता, म्हणून धीर केला.
आपली,
कश्मिरा

*

तासगाव, २१ फेब्रुवारी २०२५

चि. निहार व चि. सौ. कश्मिरा,
दोघांना मिळून एकच आशीर्वाद.

एका टेबलावर जेवणाऱ्या दोन माणसांची दोन पत्रं एकाच आठवड्यात आली. मी उत्तर एकच लिहितो आणि एकाच पाकिटात घालतो. दोघांनी शेजारी बसून वाचायचं. वाचताना कुणी उठून जायचं नाही.

निहार, तू परत आलास तर मला आनंद होईल. नाही म्हटलं तर ते खोटं होईल. पण माझं नाव पुढं करून येऊ नकोस. उद्या पुण्यात तुला करमलं नाही, कश्मिराची आठवण आली, पोर आईसाठी रडली, की त्याचा बोल मला लागेल. तू लावणार नाहीस, मीच लावून घेईन. दारात कुणी आलं तर कळत नाही हे खरं, पण दार मी लावतच नाही. तुला यायचं असेल तर बाबा, मला तिथं एकट्याला कोंडल्यासारखं होतं, म्हणून येतो, असं म्हण आणि ये. बायकोलाही असंच सांग. ती ते ऐकायची वाट बघतेय.

कश्मिरा, तू मला लिहिलंस ते यालाही कळायला हवं, म्हणून फोडतोय. रागाव. ही काम सोडायचा विचार करत होती, निहार, आणि तिला ते सोडायचं नाही. आता दोघांनी हे बोला. मी इथून निकाल देणार नाही. तुमचा संसार मला दिसत नाही, तुमची दोन अक्षरं तेवढी दिसतात.

आणि ओवीला विचारलंत का? तिला आवाज आहे हे आता सगळ्या हाकोदातेला माहीत आहे.

तुम्ही काहीही ठरवलंत तरी माझ्याकडून उणं पडणार नाही.
बाबा

*

हाकोदाते, १३ एप्रिल २०२५

ती. बाबांस,
निहारचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही इथंच राहतोय, हे अस्मिताताईकडून कळलं असेलच. पण कसं ते तुम्हाला मीच सांगायला हवं.

तुमचं पत्र आम्ही शेजारी बसून वाचलं. कश्मिरा तिसऱ्या ओळीलाच उठायला लागली, तेव्हा मी तिचा हात धरला. ती काम सोडायला निघाली होती हे मला खरंच माहीत नव्हतं. मग तुम्ही लिहून दिलेलं वाक्य मी म्हणून टाकलं, की मला इथं कोंडल्यासारखं होतं. ते म्हणायला इतका वेळ का लागला कोण जाणे. ती रडली आणि मग चिडली. म्हणाली, की वर्षभर मी पलीकडच्या खुर्चीवर होते, मला का नाही सांगितलंस. मी विचारलं, की नोकरी सोडून इथं करू काय. ती म्हणाली, मलाही माहीत नाही, पण शोधताना दार उघडून बाहेर तरी पडशील.

ओवीला विचारलं. तिनं आधी चौकशी केली, की आई येणार का. नाही म्हटल्यावर ती खूप वेळ चित्र रंगवत बसली. मग चक्क मराठीत म्हणाली, की आजोबांकडे सुट्टीत जाऊ, आत्ता तिघं एका घरात राहू. एवढंच. पुन्हा रंगवायला लागली.

राजीनामा दिला. सध्या बंदराजवळ कोम्बूच्या एका जुन्या घाऊक दुकानात सकाळचं अर्धवेळ काम करतो. वाळलेल्या पट्ट्या जाडीप्रमाणे वेगळ्या करायच्या, कापायच्या, बांधायच्या. सोबत साकुराबा-सान म्हणून सत्तरीच्या बाई आहेत आणि त्यांच्या दोन मैत्रिणी. तिघी एकाच वेळी बोलतात, तेही इथल्या खेडवळ बोलीत. पहिल्या दिवशी मला फक्त हो आणि चहा एवढं कळलं. आता कोणाच्या सुनेचं कोणाशी वाजलं तेही कळतं. काल मी त्यांच्या बोलीतच थंडी लई आहे म्हणालो, तर तिघी काम थांबवून हसल्या आणि मला वाळलेला मासा खायला दिला. तो मी खाल्ला. हे जयमालाबाईंना सांगू नका.

दुपारी ओवी येते तेव्हा मी घरी आलेला असतो. तिच्याबरोबर मराठी वाचतो. ती कंटाळते. कुठली मुलं कंटाळत नाहीत.

सगळं जमलंय असं म्हणत नाही. पुढच्या हिवाळ्याची मला आत्ताच धास्ती वाटते. पण परवा धुक्यात समोरचं काही दिसत नव्हतं आणि आम्ही तिघं काठानं चाललो होतो. कश्मिरा होडीवरच्या म्हाताऱ्यांची गोष्ट सांगत होती. तिनं ती शेवटपर्यंत सांगितली.

ऑगस्टमध्ये ओवीच्या सुट्टीत येतो आहोत. तुमचा जीव आमच्यात आहे तसा आमचाही तुमच्यात असू द्यावा.
निहार

*

तासगाव, ६ मे २०२५

चि. निहार, चि. सौ. कश्मिरा आणि चि. ओवी, तिघांस भरभरून आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि बरं वाटलं. मग ते घडी करून खिशात घातलं आणि उगाच नदीपर्यंत चालून आलो.

इकडची एक बातमी आहे. माडीवरची खोली भाड्यानं दिली. तालुक्याच्या दवाखान्यात डॉ. ज्ञानदा म्हणून नवी मुलगी आली आहे, जनावरांचीच डॉक्टर. लातूरकडची, इथं ओळखीचं कुणी नाही. पहिल्या आठवड्यात जेवताना मान वर करत नव्हती. एका सकाळी वासरू अडलेल्या गाईचं बोलावणं आलं, तेव्हा मला खूण करून म्हणाली, चला. मी गेलो. तिचे हात चांगले आहेत. घाई करत नाही. मी गाईच्या तोंडाशी उभा राहिलो, एवढंच माझं काम. वासरू ठणठणीत आहे. आता ती वस्तीवर निघाली की मला विचारते. माझ्या एका कानाचं यंत्र तिनं सांगलीला नेऊन दुरुस्त करून आणलं. शिट्टी थांबली आहे. तरी पत्रं चालू ठेवा. ऐकलेलं विसरतो मी, कागद पुन्हा वाचता येतो.

ऑगस्टला तुम्ही आलात की खाली माझ्या खोलीत ओळीनं गाद्या घालू. ओवी जपानीत भांडली तरी चालेल, मला तसंही अर्धंच ऐकू येतं.

माडीवरची ती खोली फेब्रुवारीत मी रंगवून घेतली होती, तुम्हा दोघांना मिळून लिहिलेलं ते पत्र टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी. रंगाऱ्याला पिवळा सांगितला, ओवीला पिवळा आवडतो म्हणून, आणि खिडकीखाली तिच्या उंचीची एक फळी ठोकून घेतली. ज्ञानदाला तो रंग भडक वाटतो. बदलून घेऊ का म्हणून तिनं परवा विचारलं. मी म्हटलं, राहू दे, एक-दोन पावसाळ्यांत आपोआप फिका पडेल.

जिथं आहात तिथं सुखानं राहा. इकडची माया उणी होणार नाही.
तुमचा,
बाबा